नगरच्या ख्रिस्ती मंडळीची उभारणी

अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ सालापासून ज्याचें सरकारी नांव अहिल्यानगर झालें आहे त्या जिल्ह्यांत, पाथर्डी, शेवगांव, नेवासें किंवा राहुरी ह्या भागांतून जाणाऱ्या वाटसरूस पुष्कळ गांवीं एक गोष्ट दिसते. गांवाची वेस, मारुतीचें देऊळ, चावडी आणि पार हीं ओलांडून पुढें गेलें, कीं जुन्या वस्तीच्या टोकाला एक लहानशी इमारत उभी असते. भिंती कोठें काळ्या दगडाच्या, कोठें विटांच्या. छप्पर कोठें पत्र्याचें, कोठें कौलांचें. आणि माथ्यावर एक साधा क्रूस. आंत शंभर माणसें बसलीं तर दाटी व्हावी एवढीच जागा. हें त्या गांवचें ख्रिस्ती उपासनामंदिर. तें केव्हां स्थापन झालें असें कोणी विचारलें, तर दारावरील दगडाकडे बोट दाखविण्यांत येतें. दगडावरचें साल खरें असतें. परंतु तें इमारतीचें साल असतें. मंडळीचें साल निराळें असतें, आणि तें बहुधा कोणत्याही दगडावर कोरलेलें नसतें.

इंग्रजींत 'चर्च' हा एकच शब्द उपासनेच्या इमारतीलाही लावतात आणि उपासना करणाऱ्या समुदायालाही लावतात. मराठी ख्रिस्ती लोकांनीं हा घोटाळा होऊं दिला नाहीं. समुदायाला त्यांनीं 'मंडळी' म्हटलें आणि इमारतीला 'मंदिर' म्हटलें. नगरचा इतिहास समजून घेण्यास हा भेद फार उपयोगी पडतो. कारण तेथें माणसें आधीं आलीं, एका ताटांतील भाकरी नंतर आली, स्वतःच्या कमाईंतून पाळकास पोसण्याची हिंमत त्यानंतर आली, आणि भिंती सर्वांच्या शेवटीं उभ्या राहिल्या. जेथें हा क्रम उलटा झाला तेथें इमारत राहिली, पण मंडळी राहिली नाहीं.

इसवी सन १८३१ मध्यें नगर हें शहर जुन्या वैभवाच्या आठवणींवर जगत होतें. मलिक अहमद निजामशहानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसविलेल्या ह्या राजधानीचा किल्ला १८०३ च्या ऑगस्टांत जनरल वेलस्लीनें घेतला, आणि १८१८ मध्यें पेशवाई बुडाल्यावर हा मुलूख कंपनी सरकारच्या अंमलाखालीं आला. शहराजवळ भिंगारला छावणी पडली. छावणीबरोबर गोरे शिपाई आले, आणि गोऱ्या शिपायांच्या उपासनेसाठीं सरकारी चॅपलेन नेमण्याची कंपनीची वहिवाट होती. त्याचा पगार सरकारी तिजोरींतून होई, आणि उपासना इंग्रजींत चाले. वेशीच्या आंत राहणाऱ्या विणकऱ्याशीं किंवा गांवकुसाबाहेर राहणाऱ्या महाराशीं तिचा कांहीं संबंध नव्हता. सरकारी पैशानें उपासनेची सोय होऊं शकते. परंतु तेवढ्यानें मराठी मंडळी उत्पन्न होत नाहीं.

त्या वर्षाच्या डिसेंबरांत तीन अमेरिकन गृहस्थ नगरास येऊन राहिले: अलन ग्रेव्ह्ज, विल्यम हर्वी आणि हॉलिस रीड. ज्या संस्थेनें त्यांस पाठविलें, तिचे पहिले लोक, गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट, १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले होते. त्यांपैकीं हॉल हा १८२६ मध्यें नाशिकच्या बाजूस फिरतीवर असतां पटकीनें मरण पावला. तोंपर्यंत ह्या संस्थेचें काम मुख्यतः मुंबई आणि कोंकण ह्यांतच अडकलेलें होतें. देशावर, कोरड्या हवेंत आणि मराठी मुलखाच्या मध्यावर एक ठाणें असावें, ह्या विचारानें नगराची निवड झाली. परंतु कोरड्या हवेनेंही पटकी टळली नाहीं. १८३२ च्या मे महिन्यांत, म्हणजे येऊन सहा महिने होण्यापूर्वींच, हर्वी तिला बळी पडला.

ह्या तिघांबरोबर एक मराठी माणूस होता. त्याचें नांव बाबाजी. तो जातीनें ब्राह्मण. मुंबईस मिशनच्या कामांत असतां त्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पुढें हॉलिस रीड ह्यानें त्याचें चरित्र लिहिलें, आणि तें १८३६ सालीं अमेरिकेंत छापलें गेलें. नगरांत त्या वेळीं निराधारांसाठीं एक आश्रयगृह होतें. आंधळे, पांगळे, महारोगी आणि ज्यांस कोणी नाहीं असे वृद्ध तेथें राहत. बाबाजीचें पुष्कळसें काम ह्या लोकांमध्यें होतें. ब्राह्मण घराण्यांत जन्मलेल्या माणसानें महारोग्याशेजारीं बसून त्याच्याशीं बोलावें, ही त्या काळच्या नगरांत लहान गोष्ट नव्हती. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानण्यास तो लहानपणीं शिकला असेल, त्यांच्यांतच त्याचे दिवस जाऊं लागले.

१८३३ च्या मार्चांत नगरची पहिली मंडळी स्थापन झाली. तिच्या पहिल्या सभासदांची यादी पाहिली, तर शहरांतील सावकार, इनामदार किंवा कारकून तींत शोधूनही सांपडावयाचे नाहींत. मिशनरी कुटुंबें सोडलीं, तर बाबाजीसारखा एखाददुसरा शिकलेला मनुष्य आणि बाकीचे बहुतेक त्या आश्रयगृहांतील लोक. वर्गणी देण्याची ज्यांची ऐपत नाहीं, दगड उचलण्याची ज्यांच्या अंगांत शक्ति नाहीं, आणि ज्यांपैकीं कित्येकांस समोरचें मंदिर दिसण्यापुरते डोळेही नाहींत, अशांच्या हातून ही स्थापना झाली. त्या दिवशीं जर कोणी इमारतीचा हिशेब मांडूं लागला असता, तर मंडळी स्थापन करणें मूर्खपणाचें ठरलें असतें.

स्थापनेच्या विधींतील मुख्य गोष्ट कोणती, हें श्रोत्यांनीं लक्षांत घ्यावें. ती कोनशिला नव्हती. ती प्रभुभोजनाची भाकरी व प्याला ही होती. ख्रिस्ती उपासनेंत एकच भाकरी मोडून सर्वांस वाटतात, आणि त्या काळच्या चालीप्रमाणें एकच प्याला एकाच्या ओठांवरून दुसऱ्याच्या ओठांकडे जात असे. इंग्लंड-अमेरिकेंतील खेड्यांत ह्या विधीस एक अर्थ होता; नगरांत त्यास दुसराच अर्थ आला. येथें कोण कोणाच्या हातचें खातो, कोण कोणाच्या विहिरीवर पाणी भरतो, ह्यावर सगळा समाज रचलेला होता. अशा ठिकाणीं महाराच्या ओठांस लागलेला प्याला ब्राह्मणानें आपल्या ओठांस लावणें, म्हणजे एका बाजूनें जुनें घर पाडणें आणि दुसऱ्या बाजूनें नवें बांधणें होय. नगरच्या मंडळीची पहिली वीट तीच. त्यानंतर तीन महिन्यांतच, जूनमध्यें, बाबाजी पटकीनें वारला. ज्या मंडळीचा तो आधार होता ती तेव्हां पुरती चालूंही लागली नव्हती.

तरी ती मोडली नाहीं. १८३५ नंतर हेन्री बॅलंटाइन हे नगरास येऊन स्थिरावले, आणि १८६५ पर्यंत, म्हणजे जवळ जवळ तीस वर्षें, त्यांनीं तेथें काम केलें. मराठींत गातां येतील अशीं गीतें रचून त्यांनीं उपासनेस भाषा दिली. १८३९ सालीं हरि रामचंद्र खिस्ती ह्या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढें थोड्याच वर्षांत रामकृष्ण विनायक मोडक हेही मंडळींत आले. त्या वेळीं धर्मांतर म्हणजे घरावर, शेतावर आणि वारशावर पाणी सोडणें होतें. जातीबाहेर गेलेल्या माणसाचा वारसाहक्क टिकविणारा कायदा सरकारनें केला तो १८५० सालीं, एकविसावा कायदा म्हणून. तेव्हां १८३९ सालच्या माणसापुढें कायद्याचें संरक्षण नव्हतें, हें विसरतां कामा नये. १८४२ च्या जूनमध्यें नगराहूनच 'ज्ञानोदय' हें नियतकालिक निघूं लागलें. तेथेंच सिंथिया फॅरार ह्या १८३९ पासून १८६२ पर्यंत मुलींच्या शाळा चालवीत होत्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले ह्यांच्या मनांत पुण्यास मुलींची शाळा काढण्याची उमेद वाढली, हें प्रसिद्धच आहे. इतकें सगळें झालें, तरी मंडळीचा पाळक मात्र परकाच होता, आणि त्याचा पगारही समुद्रापलीकडून येत होता.

ही उणीव १८५४-५५ च्या सुमारास दूर होऊं लागली. अमेरिकेंतील संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन हे त्या वेळीं पाहणीसाठीं हिंदुस्थानांत आले होते. मंडळीनें आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला धर्म आपण पसरवावा, अशी त्यांची तीन कलमांची शिकवण होती. ती पुढें जगांतील सर्व मिशनांत गाजली. त्या काळांतच नगरांत हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक ह्यांस पाळकपदाची दीक्षा देण्यांत आली, आणि शहरांतील मंडळीच्या दोन मंडळ्या होऊन एकीचे पाळक हरिपंत व दुसरीचे रामकृष्णपंत झाले. आतां प्रश्न उभा राहिला तो पैशाचा. परदेशी मिशनऱ्यास परदेश पोसतो. मराठी पाळकास मराठी माणसानें पोसावें, तर त्याच्या घरीं दोन वेळची भाकर तरी असली पाहिजे. ज्यांची स्वतःची भाकर गांवच्या बलुत्यावर अवलंबून होती, त्यांनीं त्या भाकरींतून चतकोर मोडावयाची होती. तत्त्व सांगणें सोपें होतें. तें आचरणें कठीण होतें, आणि हें ओझें पुढें कित्येक वर्षें पुरतें उचलवलें नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. परंतु पाळक आपला, म्हणून खर्चही आपला, हा विचार एकदां मनांत शिरला तो पुन्हां निघाला नाहीं. दगडी कोनशिलेपेक्षां ही कोनशिला अधिक जड होती.

ह्यानंतर काम शहरांतून खेड्यांकडे वळलें. नेवासें तालुक्यांत वडाळा येथें सॅम्युएल फेअरबँक ह्यांनीं ठाणें केलें, आणि गोदावरीच्या खोऱ्यांतील महार व मांग वस्त्यांतून माणसें मंडळींत येऊं लागलीं. त्यांची अडचण शहरांतील ब्राह्मणाहून निराळी होती. त्यांस वारसा गमावण्याची भीति नव्हती, कारण गमावण्यासारखा वारसा थोडाच होता. पण वतनाचें काम, त्याबद्दलचें बलुतें, पाणवठा आणि पाटलाची मर्जी ह्यांवर त्यांचें जिणें टांगलेलें होतें. महार वतन कायद्यानें रद्द झालें तें १९५८ च्या कायद्यानें. त्यापूर्वीं शंभर वर्षें, रविवारीं काम करणार नाहीं किंवा मेलेल्या जनावराचें मांस खाणार नाहीं असें म्हणणें हें पोटावर पाय घेण्यासारखें होतें.

आतां त्या दुसऱ्या प्रवाहाकडे वळावयाचें, ज्यामुळें जिल्ह्यांत बिशपाच्या अधिकाराखालील मंडळ्या उभ्या राहिल्या. अमेरिकन मिशनची व्यवस्था गांवच्या पंचायतीसारखी होती: प्रत्येक मंडळी आपल्या सभासदांच्या मतानें चालावयाची. इंग्लंडच्या चर्चची व्यवस्था निराळी. तींत पाळकावर बिशप असतो, पाळकास दीक्षा तोच देतो, तरुणांच्या मस्तकावर हात ठेवून त्यांस मंडळींत दृढ तोच करतो, आणि नवें मंदिर उपासनेस अर्पणही तोच करतो. मुंबईस असा बिशप १८३७ पासून होता. पहिले बिशप टॉमस कार. ह्या चर्चची एस. पी. जी. नांवाची संस्था १७०१ सालीं लंडनांत स्थापन झाली होती. तिचें काम नगर जिल्ह्यांत सुरू झालें तें १८७० नंतरच्या दशकांत.

तें दशक साधें नव्हतें. १८७६ ते १८७८ ह्या वर्षांत दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. नगर हा पर्जन्यछायेचा जिल्हा. तेथें एक पाऊस चुकला तर विहीर आटते, आणि दोन चुकले तर गांव उठतो. ह्याच काळांत अनेक कुटुंबें नव्या मिशनाकडे आलीं. आधीं काम करीत असलेल्या अमेरिकन मिशनास ही ढवळाढवळ वाटली, आणि दोन मिशनांत कांहीं वर्षें कडवटपणा राहिला. दुष्काळांत मिळालेल्या धान्यासाठीं लोक ख्रिस्ती झाले, असा आक्षेपही तेव्हांपासून ऐकूं येतो. त्यांत कांहीं तथ्य नाहीं असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. परंतु एक गोष्ट त्या आक्षेपांत बसत नाहीं. धान्य संपलें, पाऊस पडला, आणि तरीही पुष्कळ कुटुंबें मंडळींत टिकलीं; त्यांचीं नातवंडें-पणतवंडें आजही त्या मंदिरांत बसतात. उपाशी माणूस दार ठोठावतो तें पोटासाठीं. पण पोट भरल्यावर तो तेथेंच राहिला, तर त्याचें कारण पोटाबाहेर शोधावें लागतें.

ह्या लोकांसाठीं मंदिरें कशीं उभीं राहिलीं, हें पाहण्यासारखें आहे. खेड्यांत आधीं शाळा येई. शाळेस जागा म्हणजे वस्तींतील एखादी खोली: मातीच्या भिंती, वर माळवद. लांकडी तुळयांवर फांद्या किंवा तरटें घालून त्यांवर मातीचा थर दडपावयाचा, हें माळवद नगरच्या कोरड्या हवेंत उन्हाळ्यास सुखाचें. पण पावसाळ्यापूर्वीं दर वर्षीं त्यावर नवी माती चढविली नाहीं, तर पहिल्या मोठ्या सरीला तें गळूं लागतें. सोमवार ते शनिवार ह्या खोलींत मुलें पाटीवर अक्षरें गिरवीत; रविवारीं पाट्या एका कोपऱ्यांत रचून तेथेंच उपासना होई. पुष्कळ ठिकाणीं शाळेचा मास्तर हाच उपदेशक. मुलास बाराखडी शिकविणारा, बापाची अर्जी लिहून देणारा, आजाऱ्याच्या उशाशीं बसणारा आणि मेलेल्यास मूठमाती देणारा, असा हा एकच मनुष्य असे. बिशप वर्षा-दोन वर्षांनीं येत. मास्तर रोज तेथें असे. खेड्यांतील मंडळीच्या भिंती कोणी बांधल्या असें विचारलें, तर गवंड्याआधीं ह्या मास्तराचें नांव घ्यावें लागेल. आणि बहुतेक ठिकाणीं तेंच नांव कोणास ठाऊक नसतें.

मंडळी वाढली, कीं पक्क्या इमारतीचा विचार निघे. दगडाची वाण नगरांत नाहीं. जमीन खणली कीं काळा दगड लागतो. चुनखडी भाजून चुना करावयाचा, तो वाळूबरोबर बैलाच्या घाणींत मळावयाचा, आणि पाथरवटानें घडलेल्या दगडांत तो भरावयाचा. ही कला निजामशाहीच्या काळापासून ह्या भागांत मुरलेली. इंग्लंडच्या चर्चची कांहीं बंधनें त्यांत पाळावीं लागत. वेदी शक्य तों पूर्वेकडे असावी, म्हणजे उपासकांचीं तोंडें उगवतीकडे होतात. बाप्तिस्म्याचें कुंड दाराजवळ असावें, कारण बाप्तिस्मा हें मंडळींत शिरण्याचें दार. बाकें मात्र फार थोड्या खेड्यांत आलीं. बायका एका बाजूस, पुरुष दुसऱ्या बाजूस, वहाणा दाराबाहेर काढून जमिनीवर मांडी घालून बसत. पूर्वेचा नियम इंग्लंडांतून आला. वहाणा दाराबाहेर काढण्याची रीत येथलीच. दोहोंपैकीं कोणाही एकाला दुसऱ्याची अडचण झाली नाहीं.

बिशपाच्या हातून मंदिराचें अर्पण होण्यापूर्वीं एक अट असे, ती फार शहाणपणाची आहे. जमीन निर्वेध पाहिजे आणि इमारतीवर कर्ज असतां कामा नये. देवाला दिलेली वस्तु सावकाराकडे गहाण असूं नये, असा तिचा अर्थ. अर्पणाच्या दिवशीं बिशप बंद दारापाशीं येऊन आपल्या काठीनें दारावर ठोठावतात. दार आंतून उघडतें. मग ते आंत जातात. कर्ज म्हणजे काय तें ज्यांस पिढ्यान् पिढ्या माहीत होतें, त्या लोकांनीं बिनकर्जाची एक इमारत उभी करावी, आणि तिच्या दारावर इतक्या मोठ्या माणसानें आंत येण्यासाठीं ठोठवावें, ही गोष्ट त्यांच्या मनावर कशी उमटली असेल ह्याची कल्पना करणें कठीण नाहीं. ज्यांस दुसऱ्याच्या दारीं उभें राहून 'जोहार' म्हणण्याची संवय, त्यांच्या दारीं आतां दुसरा उभा होता.

एस. पी. जी. च्या खेड्यांतील कामाचें एक मोठें ठाणें पाथर्डी तालुक्यांतील मिरी हें होतें. तेथें विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत फिलिप लॉइड नांवाचे पाद्री येऊन राहिले. ईटन व केंब्रिज येथें शिकलेला हा मनुष्य इंग्लंडांतील पाळकांच्या विद्यालयांतील उपप्राचार्यपद सोडून मिरीसारख्या गांवीं आला. पुढें ते मुंबईचे साहाय्यक बिशप झाले, आणि १९२९ सालीं नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला तेव्हां त्याचे पहिले बिशप झाले. नगरच्या खेड्यांतील मंडळ्यांस मुंबईहून पाहुण्यासारखा येणारा बिशप जाऊन, ज्याच्या पायांस त्यांच्याच रस्त्यांची धूळ लागलेली होती असा बिशप मिळाला. १९४४ मध्यें ते इंग्लंडांत सेंट ऑल्बन्स येथें बिशप होऊन गेले. ह्यांत एक उणीवही नोंदविली पाहिजे. मद्रासकडे दोर्नकलला व्ही. एस. अझरायाह हे पहिले हिंदी अँग्लिकन बिशप १९१२ मध्येंच झाले होते. नाशिकास मात्र १९२९ मध्येंही आरंभ परक्या माणसापासूनच करावा लागला. नगरांत १८५५ च्या सुमारास पाळकांच्या बाबतींत जें साधलें होतें, तें बिशपाच्या बाबतींत साधण्यास आणखी वेळ लागला.

भिंतींत जीव आला तो मात्र गाण्यानें. १८६० नंतर कृष्णराव रत्नाजी सांगळे आणि त्यांचे सोबती ह्यांनीं नगरांत ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली. पुढें नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले आणि नगरास आले. १९१९ मध्यें त्यांचें निधन होईपर्यंत त्यांनीं शेंकड्यांनीं गीतें लिहिलीं. टिळक अमेरिकन मिशनच्या मंडळींतले. पण त्यांचें गीत म्हणण्यापूर्वीं मंडळी पंचायतीची आहे कीं बिशपाची, हें कोणी विचारीत नसे. टाळ आणि पेटी दोन्हीकडे सारखीच वाजली. दोन मिशनांच्या पुढाऱ्यांस जें जमलें नाहीं, तें अभंगाच्या चालीनें केलें.

तें कागदावर येण्यास १९७० साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं २९ नोव्हेंबरास नागपूर येथें सहा निरनिराळे ख्रिस्ती पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' ही संस्था स्थापन झाली. ज्यांस बिशप नको होता त्यांनीं बिशप स्वीकारला. ज्यांस बिशपाची संवय होती त्यांनीं बिशपाच्या निवडणुकींत सामान्य सभासदांचा वाटा मान्य केला. दुष्काळाच्या वेळीं एकमेकांच्या वस्त्या नेल्या म्हणून रुसलेलीं दोन घरें जवळ जवळ शंभर वर्षांनीं एका अंगणांत आलीं. त्यानंतरही कज्जे झाले, मिळकतींवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. परंतु भावांच्या घरीं भांडणें होतात म्हणून ते भाऊ नव्हेत असें कोणी म्हणत नाहीं.

मंडळीच्या उभारणींतील खरी कसोटी मात्र कोणत्याही ठरावानें संपलेली नाहीं, आणि ती १८३३ च्या त्या प्याल्याचीच आहे. एका ताटांत जेवलेल्या माणसांच्या मुलांचीं लग्नें कोठें होतात, हें पाहिलें तर प्याला जेथवर पोहोंचला तेथवर सोयरीक नेहमींच पोहोंचली नाहीं, असें दिसतें. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती हे शब्द मंडळीच्या आंतही ऐकूं आले. बाहेर तर अडचण आणखी निराळी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदु धर्मीयांपुरत्या ठरल्या. १९५६ मध्यें शिखांस व १९९० मध्यें बौद्धांस त्यांत घेण्यांत आलें. ख्रिस्ती दलितांस घेण्यांत आलें नाहीं. म्हणजे गांव ज्यास जुन्याच जातीनें ओळखतो, त्यास कायदा त्या जातीचा मानीत नाहीं. त्यामुळें कित्येक कुटुंबांपुढें रविवारचें मंदिर आणि मुलाच्या शाळेचा दाखला ह्यांतून एक निवडण्याचा प्रसंग येतो. १८३९ मध्यें वारसा जात होता; आतां सवलत जाते. मंडळींत राहण्याची किंमत मागणारे बदलले, पण किंमत मागितली जाणें थांबलें नाहीं.

आतां खेड्यांतील तरुण पुण्यास, मुंबईस आणि औद्योगिक वसाहतींत गेले आहेत. कित्येक लहान मंदिरांत रविवारीं वृद्ध माणसें आणि सुटींत आलेलीं नातवंडें एवढींच दिसतात. पत्रा गंजतो, भिंतीचा चुना झडतो. परंतु नाताळच्या आदल्या दिवशीं किंवा सुगीच्या सणाला तेच मंदिर माणसांनीं भरतें. शेतांतील पहिलें कणीस, भाजीची टोपली, कोंबडी, अंडीं वेदीपुढें येतात; उपासना संपल्यावर त्यांचा लिलाव होतो, आणि दहा रुपयांचें वांगें शंभर रुपयांस घेण्यांत शेजाऱ्या-शेजाऱ्यांत चढाओढ लागते. परक्या माणसास ही गंमत वाटते. पण त्या पैशांतूनच मंदिराची डागडुजी होते आणि पाळकाच्या पगारांत भर पडते. मराठी पाळकास मराठी माणसानें पोसावें, हा १८५५ च्या सुमारास नगरांत निघालेला प्रश्न त्या वांग्याच्या लिलावांत दर वर्षीं पुन्हां सोडविला जातो.

दारावरील दगड जें साल सांगतो तें खोटें नाहीं. पण ज्यास नगरच्या मंडळीच्या स्थापनेचें खरें साल हवें असेल, त्यानें त्या दगडापाशीं न थांबतां १८३३ च्या त्या आश्रयगृहापर्यंत मनानें जावें. तेथें एक आंधळा हात पुढें करून बसला आहे, त्याच्या शेजारीं एक महारोगी आहे, आणि ज्यास अजून तीन महिनेच जगावयाचें आहे असा एक मनुष्य त्यांच्या ओळींतच जमिनीवर बसला आहे. डोक्यावर अजून मंडळीचें छप्पर नाहीं, आणि प्याला एकाच्या हातांतून दुसऱ्याच्या हातांत जात आहे.